छातीत भरून येतं तेव्हा: अंजायनाबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत आणि गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर अडवून विचारलेले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचत असतानाच छातीत भरून आलं असेल, तर सरळ प्रश्न ४ वर जा.

१. अंजायना म्हणजे नक्की काय? हार्टचा आजार की नुसतं दुखणं?

हृदयाच्या स्नायूला लागतं तेवढं रक्त पोचत नाही, म्हणून होणारी तक्रार म्हणजे अंजायना. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण स्वतःसाठीचं रक्त त्याला कोरोनरी रक्तवाहिन्यांतून मिळतं. या वाहिन्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साठून त्या अरुंद झाल्या, तरी बसल्या जागी भागतं. जिना चढायला लागलं की मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. साधारण ७० टक्क्यांच्या आसपास वाहिनी आखडली की श्रमाच्या वेळी त्रास जाणवायला लागतो.

हृदयाची अडचण थोडी वेगळी आहे. हातापायाचे स्नायू गरज पडली तर तेवढ्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेतात. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही बहुतेक ऑक्सिजन काढूनच घेत असतो, त्यामुळे जास्त रक्त मिळाल्याशिवाय त्याचं भागत नाही. त्यातून हे रक्त त्याला मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. नाडी धावू लागली की तो विसावाच कमी होतो. अंजायनात नाडी हळू करणाऱ्या गोळ्या देतात, त्या याचसाठी.

२. माझ्या डाव्या बाजूला टोचतं. हे अंजायनाच ना?

बहुधा नाही. अंजायनाचे कितीतरी पेशंट 'दुखतं' हा शब्दच वापरत नाहीत. 'छातीत भरून येतं', 'आवळल्यासारखं होतं', 'कोणीतरी छातीवर बसलंय' असं सांगतात आणि सांगताना छातीच्या मधोमध तळहात किंवा मूठ ठेवतात. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबलं की दुखतं, कूस बदलली की कमी होतं, क्षणभर चमक येऊन जाते, अशा तक्रारी बहुतेक वेळा बरगड्यांच्या किंवा स्नायूंच्या निघतात.

अंजायना साधारण दोन ते दहा मिनिटं राहतो. तो जबड्यात, गळ्यात, खांद्यात, हातात (डाव्याच असं नाही), पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतो. चालताना जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलेले लोक मी पाहिले आहेत. चालायला लागलं की दुखणारा आणि थांबलं की थांबणारा दात असत नाही.

कुठे दुखतं यापेक्षा कधी दुखतं आणि कशाने थांबतं, हे नीट सांगा. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६८ साली लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा इसीजी नव्हता. चालताना येतं, चढावर आणि जेवल्यावर जास्त येतं, थांबलं की जातं, एवढं त्याने पेशंटला विचारून टिपलं होतं. आजही निदानाचा मोठा भाग या विचारपुशीतच होतो.

३. अंजायना आणि हार्ट ॲटॅक यांत फरक काय?

अंजायनात स्नायूला रक्त कमी पडतं, पण स्नायू मरत नाही. ॲटॅकमध्ये वाहिनीत गुठळी होऊन रक्त अडतं, आणि पूर्ण अडलं तर साधारण वीस मिनिटांनंतर स्नायू मरायला सुरुवात होते.

या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे अनस्टेबल अंजायना, आणि घरचे लोक इथेच फसतात. वर्षभर तिसऱ्या मजल्यावर भरून यायचं, ते आता पहिल्याच मजल्यावर येतं. पूर्वी थांबलं की दोन मिनिटांत जायचं, आता पंधरा मिनिटं लागतात. बसल्या जागी येतं, झोपेतून उठवतं. किंवा आधी कधीच नव्हतं आणि या महिन्यात सुरू झालं. त्रास जोराचा नसला तरी ठरलेली रीत बदलली, म्हणजे धोका वाढला. तेव्हा पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. बसल्या जागी येत असेल तर आत्ताच.

४. घरात कोणाला छातीत भरून आलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

आहे तिथे बसवा. फेऱ्या मारायला लावू नका, जिना चढू-उतरू देऊ नका. डॉक्टरांनी आधीच जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसवूनच एक द्या. पाच मिनिटांत आराम नाही पडला, किंवा असं पहिल्यांदाच होत असेल, किंवा दरदरून घाम, उलटी, चक्कर, धाप सोबत असेल, तर १०८ लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. नुसती गिळली तर असर व्हायला वेळ लागतो.

पेशंटला स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नका आणि त्याला स्वतः गाडी तर मुळीच चालवू देऊ नका. द्वारका चौकात अडकलेल्या गाडीत हृदय बंद पडलं तर कोणीच काही करू शकत नाही. ॲम्ब्युलन्समध्ये निदान झटका देण्याचं यंत्र मिळण्याची शक्यता असते.

कुठे न्यायचं हे आजच ठरवून ठेवा. कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली) रात्रीही चालू असते असं घराजवळचं हॉस्पिटल कोणतं, हे फोन करून विचारून घ्या. सुरगाणा, पेठ, हरसूलकडच्या लोकांनी मात्र नाशिक गाठायच्या नादात घाटात वेळ घालवू नये. आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात इसीजी काढून घ्यावा. मोठा ॲटॅक असेल आणि अँजिओप्लास्टी (अडलेली वाहिनी फुग्याने उघडणं) दोन तासांत होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन आधी आणि नाशिक नंतर.

५. बाबा म्हणतात गॅस आहे. सोडा प्यायल्यावर बरंही वाटतं. मग?

सोडा प्यायला ते बसले, आणि बसल्यामुळे बरं वाटलं असेल. ढेकर आली म्हणजे हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. उलटही खरं आहे: सॉर्बिट्रेटने (प्रश्न ४ मधली जिभेखालची गोळी) आराम पडला म्हणजे हृदयच, असंही नाही, कारण अन्ननलिकेचा पेटकाही त्या गोळीने सुटतो.

बाबांना एकच विचारा. उपाशीपोटी भरभर चालल्यावर येतं का, आणि उभं राहिल्यावर जातं का? हो म्हणाले तर ओवा, इनो, पुदिना सगळं बाजूला ठेवून इसीजी काढायला न्या. ॲसिडिटीची जळजळ बहुधा वाकल्यावर, आडवं झाल्यावर वाढते आणि तिला जिना ओळखता येत नाही. पन्नाशीच्या पुढे, त्यात डायबिटीस, बीपी किंवा तंबाखू असेल, तर आधी हृदय तपासायचं आणि मग गॅस म्हणायचं, हा क्रम मी सोडत नाही.

६. सॉर्बिट्रेट खिशात ठेवू का? शेजारच्या काकांना दिली तर चालेल का?

तुम्हाला लिहून दिली असेल तर जरूर ठेवा, आणि खिशातच ठेवा. देवघराच्या कप्प्यात ठेवलेली गोळी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर उपयोगी पडत नाही. मूळ पॅकिंगमध्ये ठेवा, मुदत बघत जा. गोळी जिभेखाली विरघळू द्यायची आणि बसून घ्यायची, कारण बीपी झपकन उतरतं. डोकं ठणकणं हा नेहमीचा परिणाम आहे. जिना चढण्याआधीही घेता येते, पण ते डॉक्टरांशी बोलून.

शेजारच्या काकांना देऊ नका. त्यांचं बीपी आधीच कमी असेल, हृदयाची झडप आखडलेली असेल किंवा विशिष्ट प्रकारचा ॲटॅक असेल, तर हीच गोळी त्यांना आडवं करेल. त्यांच्यासाठी प्रश्न ४.

आता लोक हळू आवाजात विचारतात ते. व्हायग्राच्या जातीची गोळी (सिल्डेनाफिल) घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. बीपी इतकं पडू शकतं की जीव जाईल. लाजेपोटी हे लपवू नका, कॅज्युअल्टीत पहिल्यांदा हेच सांगा.

या औषधाच्या, म्हणजे नायट्रेटच्या, कुळीतलं नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधलं स्फोटक. आल्फ्रेड नोबेलने त्याच्यावर संपत्ती उभी केली आणि आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी त्याला हृदयासाठी तेच सुचवलं. १८९६ च्या एका पत्रात त्याने या योगायोगावर स्वतःच टिप्पणी केली आहे.

७. नायट्रेटची रोजची गोळी सकाळी आठ आणि दुपारी तीनला का? बारा-बारा तासांनी का नाही?

चूक नाही ती, मुद्दाम आहे. शरीराला चोवीस तास नायट्रेट मिळत राहिलं तर ते दाद देईनासं होतं. रात्री दहा-बारा तास खाडा ठेवला की सकाळी गोळी पुन्हा चालते.

८. इसीजीची पट्टी काढली, नॉर्मल आली. तरी डॉक्टर पुढच्या टेस्ट सांगतात, पैसे उकळायला का?

शंका समजू शकतो, पण इथे ती बरोबर नाही. पट्टी म्हणजे त्या दहा सेकंदांचा हिशोब. त्रास नसताना काढलेला इसीजी अंजायनाच्या पुष्कळ पेशंटमध्ये अगदी नॉर्मल असतो. टूडी इकोसुद्धा (हृदयाची सोनोग्राफी) बसल्या जागी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून हृदयाला पळवून पाहावं लागतं: ट्रेडमिल टेस्ट, स्ट्रेस इको, किंवा वाहिन्यांचं चित्र दाखवणारी सीटी अँजिओग्राफी.

ट्रेडमिलही चुकते. साधारण तिनातला एक आजारी तिच्यातून सुटतो, आणि बायकांमध्ये आजार नसताना ती पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त. त्यामुळे रिपोर्टपेक्षा तुम्ही सांगितलेली हकिगत वजनदार ठरू शकते.

९. पहिल्या राउंडला छातीत भरतं, मग चालत राहिलं की आपोआप जातं. म्हणजे हार्ट मोकळं झालं ना?

ट्रॅकवरचा हा ठरलेला प्रश्न, आणि विचारणारा बहुतेक वेळा खुशीत असतो. हा अंजायनाच आहे. सुरुवातीच्या श्रमाने हृदयाचा स्नायू काही वेळापुरता जुळवून घेतो, म्हणून दुसऱ्या फेरीत त्रास होत नाही. वाहिनी मात्र तेवढीच अरुंद असते. भरून आलं की थांबायचं, रेटायचं नाही, आणि तपासणी होईपर्यंत ट्रॅकवर 'काल पाच राउंड मारले' हे सांगणं बंद.

१०. अँजिओग्राफीत ९० टक्के ब्लॉकेज निघालं. टेबलावरच म्हणाले आत्ताच स्प्रिंग टाका. काय करायचं?

ॲटॅक किंवा अनस्टेबल अंजायना असेल तर वेळ घालवू नका, हो म्हणा. तिथे ही स्प्रिंग, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी (स्टेंट), जीव वाचवते.

स्टेबल अंजायनाचं, म्हणजे ठरलेल्या श्रमालाच येणाऱ्या आणि रीत न बदललेल्या त्रासाचं, गणित निराळं. लोकांच्या डोक्यात नळाचा पाइप असतो: कचरा अडकला, काढला, काम झालं. प्रत्यक्षात ॲटॅक पुष्कळदा भलत्याच ठिकाणच्या, ३०-४० टक्क्यांच्या मऊ साठ्याचा पापुद्रा फाटून आणि त्यावर गुठळी होऊन येतो. स्टेंट टाकलेली जागा उघडते, बाकीच्या वाहिन्या तशाच राहतात. २००७ च्या करेज अभ्यासात आणि पुढे ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली छापून आलेल्या इस्केमिया अभ्यासात हेच दिसलं. चांगली औषधं चालू असताना, स्टेबल रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतला त्रास मात्र जास्त कमी झाला, आणि ज्यांना वारंवार त्रास होत होता त्यांना त्याचा फायदा ठळक होता.

अपवाद आहेत. डावी मुख्य वाहिनी अरुंद असेल, हृदयाचं पंपिंग कमजोर असेल, किंवा भरपूर औषधं घेऊनही दोन मजले चढता येत नसतील, तर प्रक्रिया करावी. डायबिटीस असून बऱ्याच वाहिन्यांत ब्लॉकेज असतील तर बायपास सहसा जास्त फायद्याची ठरते.

म्हणून टेबलावर विचारायचा प्रश्न: 'आज केलं नाही तर या आठवड्यात काय होईल?' उत्तर गुळमुळीत आलं तर सीडी आणि रिपोर्ट मागून घ्या आणि दुसरं मत घ्या. रिपोर्ट तुमचा आहे, तो मागायला भीड कसली? नातेवाइकांना लेड एप्रन घालून आत बोलावून दोन मिनिटांत सही घ्यायची पद्धत मला पसंत नाही. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे, तेव्हा बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा.

११. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं. आता तरी गोळ्या बंद करू?

गोळीमुळे नॉर्मल आलं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन ॲटॅक टाळण्यासाठी असतात, त्यांनी छातीतला त्रास लगेच कमी होत नाही, म्हणून लोकांना त्या 'फुकटच्या' वाटतात. कोरोनरी आजार असलेल्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली हवं, आणि बरेच तज्ज्ञ आता ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. लॅबच्या कागदावरची 'नॉर्मल' रेघ तुमच्यासाठी नाही. नाडी हळू करणारी बीटा ब्लॉकरची गोळी तर एकाएकी कधीच सोडू नये, अंजायना उसळून येतो.

१२. मिसळ बंद का?

रोजची बंद, महिन्यातून एखादी चालेल, वरची तर्री सोडून. पण मिसळीइतकाच धोका त्यानंतरच्या शतपावलीत असतो. भरपेट खाल्ल्यावर रक्त पचनाकडे वळतं आणि लगेच चालायला लागलं की अंजायना लवकर येतो. जेवल्यावर तासभर तरी थांबा.

वाइनबद्दल: नाशिकची असली तरी औषध नाही. न पिणाऱ्याने हृदयासाठी सुरू करावी असा पुरावा नाही.

१३. आई फक्त मिश्री लावते, सिगारेट नाही. चालेल ना?

नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, वाहिन्या आवळतं. आईंना मिश्री हे व्यसन वाटतच नाही, म्हणून डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' विचारलं की त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात. तुम्ही सांगा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे.

१४. आईची अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी छातीत भरतं. मनाचं आहे का?

असं ऐकवून घरी पाठवलेल्या बायका खूप आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचं दुखणं खरं असतं. अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या दिसतात. केसांएवढ्या बारीक वाहिन्या नीट उघडत नसतील तर त्या चित्रात काहीच उमटत नाही. हा सूक्ष्म वाहिन्यांचा अंजायना बायकांत जास्त दिसतो, त्याला औषधं आहेत आणि बीपी-शुगरवर कडक लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी शक्यता वाहिनीच्या पेटक्याची. हा रात्री किंवा पहाटे, बसल्या-झोपल्या येतो, दिवसा जिना चढताना काही नाही. धूम्रपान करणाऱ्यांत जास्त. यात कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गोळ्या चालतात, बीटा ब्लॉकरने उलट बिघडू शकतं. त्यामुळे दुखण्याची वेळ वहीत लिहून न्या.

१५. ब्लॉकेज ४० टक्केच आहे, तरी त्रास कसा?

प्रश्न १४ मधल्या कारणांखेरीज हिमोग्लोबिन बघा. ते ७-८ असेल तर रक्त पोचूनही ऑक्सिजन कमी पडतो. थायरॉइड वाढलेलं असणं, नाडी अनियमित धावणं, महाधमनीची झडप आखडणं ही बाकीची कारणं. मूळ कारण सुधारलं की अंजायना कधी कधी पूर्ण जातो.

१६. मला डायबिटीस आहे. छातीत कधीच दुखत नाही, फक्त दम लागतो. ठीक ना?

दमच तुमचा अंजायना असू शकतो. जुन्या डायबिटीसमध्ये नसा बधिर होतात आणि दुखण्याची खबर पोचत नाही. वृद्धांचंही तसंच. गेल्या वर्षी जमणारं चालणं यंदा जमत नसेल तर ते वयावर ढकलण्याआधी इसीजी आणि इको करून घ्या.

१७. थंडीत पहाटे फिरायला जाऊ का? वणीला, केदारनाथला?

थंडीत वाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. निफाडला पारा घसरतो त्या दिवसांत पहाटे पाचला गोदाघाटावर जाण्यापेक्षा ऊन आल्यावर निघा, नाका-तोंडावर मफलर घ्या, पहिली दहा मिनिटं रमतगमत चाला. द्राक्षबागेत हात वर करून छाटणी आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी, दोन्हींत हृदयावर नुसत्या चालण्यापेक्षा जास्त ताण येतो. कामं वाटून घ्या.

वणीच्या गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तिने जा. पायऱ्यांचा नवस असेल तर देवीला समजतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, हवेत ऑक्सिजन कमी आणि चढ मोठा. अंजायना स्थिर नसेल, किंवा स्टेंट नुकताच टाकला असेल, तर यंदा नको.

१८. 'ब्लॉकेज विरघळवणारा' काढा, आणि ॲटॅक आल्यावर जोरात खोकत राहायचं, हे खरं आहे का?

लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाही. लसूण भाजीत घाला, स्टॅटिनऐवजी नको. खोकत राहण्याने हृदय चालू राहतं हा मेसेजही फिरवू नका. त्यात जाणारी मिनिटं १०८ ची आहेत.

१९. खर्च झेपणार नाही. सरकारी सोय काय आहे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय ही सरकारी दारं आहेतच. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान पाहा, तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात.

२०. स्टेंटनंतर दात काढायचाय. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवू?

स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही. स्टेबल अंजायनासाठी स्टेंट टाकला असेल तर दोन्ही गोळ्या (ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची) साधारण सहा महिने, ॲटॅकनंतर साधारण वर्षभर लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. एखादा दात बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो, रक्त थोडा वेळ जास्त येतं इतकंच. दातांच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर द्या आणि दोघांना आपसात बोलू द्या.